काठी कुणाच्या हातात?

महाराष्ट्रात कुठलाही सामाजिक वाद पेटला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. ‘सरकारनं याविरुद्ध कडक कायदा करावा’ हे पहिलं. दुसरं जरा थकल्या आवाजात येतं : ‘कायद्यानं कुठं माणसं सुधारतात?’ गंमत अशी, की पुष्कळदा दोन्ही वाक्यं एकाच तोंडची असतात. विषय तेवढा बदललेला असतो. डान्सबारला टाळं ठोका म्हणणारा गृहस्थ यात्रेतल्या बोकडाचा विषय निघाला की एकदम समाजप्रबोधनाचा कैवारी होतो. बैलगाडा शर्यतीवरची बंदी उठावी म्हणून रस्त्यावर बसलेल्याला दारूबंदी मात्र कलमासकट हवी असते.

सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठाला हा वाद नवा नाही, आणि पाचगणीच्या आसपास तर त्यातले सगळे पक्ष एकमेकांच्या शेजारी नांदतात. पाचगणीत १९६८ साली राजमोहन गांधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एशिया प्लॅटो’ हे केंद्र सुरू केलं. समाज बदलायचा तर सुरुवात स्वतःपासून, हा त्यामागचा विचार. सनदी अधिकारी, कारखान्यातले कामगार आणि व्यवस्थापक, शाळेतली मुलं इथं शिबिराला येतात, काही वेळ गप्प बसतात आणि आपण कुठं चुकलो ते स्वतःला विचारतात. त्या आवारात कायद्याला फारसं काम नाही.

पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की दुसरा मार्ग दिसतो. इथल्या प्राज्ञपाठशाळेत घडलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अस्पृश्यता निवारणासाठी धर्मशास्त्राचे आधार घेऊन गांधीजींच्या मदतीला गेले. १९३३ मध्ये गांधीजींचा मुलगा देवदास आणि राजाजींची मुलगी लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह पुण्यात लागला, त्याचं पौरोहित्यही त्यांनीच केलं. परंपरेला परंपरेच्याच ग्रंथातून उत्तर द्यायचं, ही वाईची रीत.

आणि वाईहून मान वर केली की मांढरदेवचा डोंगर. काळूबाईच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी चेंगराचेंगरी झाली, दुकानं पेटली, जवळपास तीनशे माणसं गेली. नारळाच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. त्यानंतर न्या. राजन कोचर यांचा चौकशी आयोग बसला, आणि यात्रा आली की जिल्हा प्रशासनाचा आदेश निघू लागला : पशुहत्या नको, वाद्यं नकोत, झाडांना खिळे ठोकून करणी-भानामतीचे प्रकार नकोत. नारळ कुठं फोडायचा हा एरवी भक्त आणि देवी यांच्यातला मामला. पायऱ्यांवर माणसं घसरू लागली की तो जिल्हाधिकाऱ्यांचा होतो. यावर फारसं कुणाचं दुमत नसतं. वाद सुरू होतो तो जिथं पायरी इतकी स्पष्ट दिसत नाही तिथं.

या वादाची पहिली मोठी झुंज लढणाऱ्यांपैकी एक जण याच कृष्णाकाठचा होता. गोपाळ गणेश आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. एकेकाळचे जिवलग मित्र टिळक आणि आगरकर १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकावरून जाहीरपणे समोरासमोर उभे राहिले. विधेयक तसं एवढंसंच होतं : पत्नीशी शरीरसंबंधासाठी तिचं किमान वय दहावरून बारावर न्यायचं. बंगालमध्ये फुलमणी नावाची कोवळी मुलगी नवऱ्याच्या बळजोरीनं मरण पावली होती. मुंबईत त्याच्या आधी रखमाबाईचा खटला गाजला होता. लहानपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, वाटल्यास तुरुंगात जाईन, असं तिनं कोर्टाला सांगितलं होतं.

टिळकांचं म्हणणं आज अनेकजण समजतात तेवढं सरधोपट नव्हतं. परक्या सरकारनं आमच्या घरात हात घालू नये, हा त्यातला एक भाग. दुसरा भाग जास्त अडचणीचा होता : ज्यांना कायदा हवा त्यांनी आधी ते नियम स्वेच्छेनं स्वतःला लावून घ्यावेत, मुलींची लग्नं उशिरा करून दाखवावीत. सुधारकांपैकी कितीतरी जणांची यावर पंचाईत झाली असणार. आगरकरांचा मुद्दा मात्र या पेचानं सुटत नव्हता. समाज शहाणा होईपर्यंत थांबायचं ठरलं, तर त्या दरम्यान मरणाऱ्या मुलींचं काय करायचं? आपल्या ‘सुधारक’ पत्रातून असलं लिहिणाऱ्या आगरकरांची पुण्यात ते जिवंत असताना प्रेतयात्रा काढली गेली.

कायदा झाला. त्याखाली फारसे खटले झाले नाहीत. १९२९ चा शारदा कायदा आला, त्याचीही तीच गत. मग २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा. आणि एवढं सगळं होऊन राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. चौथ्या फेरीत हा आकडा २६.३ होता. सव्वाशे वर्षांचे कायदे आणि अजून पाचातली एक, असं म्हणून कुणी हात झटकू शकतो. पण हाच आकडा दुसऱ्या बाजूनंही वाचता येतो. आज एखादी आठवीतली मुलगी, तिची बाई किंवा अंगणवाडी सेविका १०९८ वर फोन करते तेव्हा तिच्या पाठीशी काहीतरी उभं असतं. रखमाबाईच्या वेळी कायदाच नवऱ्याच्या बाजूनं उभा होता.

दुखणं आहे ते पुढच्या पायरीवर. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक. ज्याच्या मांडवात त्यानं हरकत घ्यायची, त्याच माणसाच्या सहीनं उद्या ग्रामपंचायतीचा ठराव व्हायचा असतो. मुंबईत बसून मसुदा लिहिणाऱ्यानं हे गाव पाहिलेलं नसावं.

मुंबईत बसलेल्या, पण गाव चांगलं पाहिलेल्या एका माणसाची गोष्ट यासाठीच तपशिलात पाहण्यासारखी आहे. आर. आर. पाटील तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. ग्रामविकास खातं त्यांच्याकडे असताना २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. त्यात शिक्षा नव्हती, पोलीस नव्हते. स्पर्धा होती, बक्षीस होतं आणि शेजारच्या गावापुढं मान खाली जाऊ नये ही जबरदस्त प्रेरणा होती. माणसांनी हातात झाडू घेतले, गटारं काढली, संडास बांधले. २००७ मध्ये गृहमंत्री म्हणून त्यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आणली, तिचाही नमुना तोच : गावातले तंटे गावानं मिटवावेत, चांगलं काम करणाऱ्या गावाला बक्षीस मिळावं. त्यातही दोष होते. गावकीनं मिटवलेल्या तंट्यात दुबळ्या बाजूला मन मारून ‘मिटलं’ म्हणावं लागतं, आणि घरात मार खाणाऱ्या बाईचा तंटा तर असा मिटवूच नये. तरीही गावाला स्वतःच्या पायावर उभं करण्याची त्या माणसाची हातोटी खरी होती.

त्याच माणसानं २००५ मध्ये डान्सबार बंद केले. कायद्यात दुरुस्ती झाली, १५ ऑगस्टपासून बंदी लागू झाली. तरुण पोरं बरबाद होतात, संसार उद्ध्वस्त होतात, ही भावना प्रामाणिक होती आणि राज्यभरातल्या असंख्य बायकांचा तिला पाठिंबा होता. पण बंदीचा मसुदा वाचताच तो कुठं अडकणार हे दिसत होतं. तीन तारे आणि त्याहून वरच्या हॉटेलांना, जिमखान्यांना आणि क्लबांना सूट होती. म्हणजे तोच नाच झुंबराखाली चालेल, ट्यूबलाइटखाली नाही. मुंबई उच्च न्यायालयानं १२ एप्रिल २००६ ला बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानं १६ जुलै २०१३ ला तो निकाल कायम केला. २०१४ मध्ये सरकारनं सूट काढून टाकून सर्वांना सरसकट बंदी लावली, ती २०१५ मध्ये स्थगित झाली. २०१६ मध्ये नवा कायदा आला, त्यातल्या बऱ्याच अटी १७ जानेवारी २०१९ च्या निकालानं गळून पडल्या. चौदा वर्षं कोर्टकचेरी!

या चौदा वर्षांत सर्वात कमी ऐकला गेलेला आवाज त्या नाचणाऱ्या बायकांचा. त्यांच्या संघटनेनं बंदीनं रोजी जाणाऱ्यांचा आकडा ७५ हजार सांगितला होता. तो थोडा फुगवलेला आहे असं धरलं, तरी त्या बायका पुढं कुठं गेल्या, काय खाल्लं, कुणाच्या दारी गेल्या याचा हिशेब राज्यानं ठेवला नाही. पैसे उधळणारा पुरुष दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बारमध्ये बसला. स्त्रियांची प्रतिष्ठा राखण्यासाठी म्हणून आणलेल्या कायद्याची किंमत स्त्रियांनीच मोजली.

ही चूक एका माणसाची म्हणून सोडून देता येत नाही. ती एका प्रकारच्या कायद्याची आहे. ज्याच्यावर अन्याय होतो असं आपण म्हणतो, त्याच्याच वागण्यावर काठी उगारणारा कायदा. सांगलीतल्या वेश्यावस्तीत काम करणाऱ्या ‘संग्राम’ या संस्थेचा आणि तिथल्या स्त्रियांनी १९९६ मध्ये उभ्या केलेल्या ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषदे’चा अनुभव याहून वेगळा नाही. छापे पडतात, ‘सुटका’ होते, आणि सुटका झालेली बाई सुधारगृहातून बाहेर कधी पडणार ते दुसरेच ठरवतात. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वेच्छेनं हा व्यवसाय करणाऱ्या सज्ञान स्त्रियांना पोलिसांनी छळू नये असे निर्देश दिले, तेव्हा सांगलीतल्या बायका ज्याच्यासाठी पंचवीसेक वर्षं भांडत होत्या त्याला कुठं मान्यता मिळाली.

याच्या नेमका उलट बांधलेला एक कायदा आहे. गर्भलिंगनिदानावर देशात पहिली बंदी महाराष्ट्रानं १९८८ मध्ये घातली, केंद्राचा कायदा १९९४ चा. त्याच्या चोविसाव्या कलमात एक विलक्षण गोष्ट आहे : उलट सिद्ध होईपर्यंत न्यायालयानं असंच धरायचं, की गरोदर बाईला तपासणी करायला नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी भाग पाडलं. मराठी घरातली सून कशी ‘स्वतःहून’ सोनोग्राफीला जाते हे ठाऊक असलेल्या माणसानंच हे कलम लिहिलं असावं. काठी डॉक्टरवर आणि सासरवर, बाईवर नाही.

तरीही म्हैसाळ घडलं. मिरज तालुक्यातल्या या गावात मार्च २०१७ मध्ये गर्भपातानंतर एका विवाहितेचा मृत्यू झाला आणि तपास करता करता ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. दवाखाना चालवणारा होमिओपॅथ होता. म्हैसाळ कर्नाटकाच्या सीमेवर, आणि तपासाचे धागे सीमेपलीकडेही गेले. ज्या सांगली जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८५१ मुली होत्या, तिथं कायदा तेवीस वर्षांचा झाल्यावर हे चालू होतं. ‘कायद्यानं कुठं माणसं सुधारतात’वाल्यांना याहून मोठा पुरावा नको.

पण साताऱ्याकडे पाहा. दलित महिला विकास मंडळ आणि ‘लेक लाडकी अभियान’ चालवणाऱ्या ॲड. वर्षा देशपांडे यांनी याच कायद्याचं हत्यार केलं. गरोदर कार्यकर्तीला बनावट रुग्ण म्हणून डॉक्टरकडे पाठवायचं, पुरावा गोळा करायचा, केस उभी करायची आणि ती कोर्टात टिकवायची. २०२५ चा संयुक्त राष्ट्र लोकसंख्या पुरस्कार त्यांना मिळाला तो या कामासाठी. एकच कायदा, शेजारशेजारचे जिल्हे. फरक एवढाच, की एका ठिकाणी कायद्याचं पुस्तक उघडून बसलेलं कुणीतरी होतं. त्याच साताऱ्यात ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा परिषदेनं २८५ ‘नकोशी’ शोधून काढल्या आणि त्यांना नवी नावं दिली. मुलगी नको म्हणून तिचं नावच नकोशी ठेवणाऱ्या बापाला कुठलंही कलम लागत नव्हतं. इथं समारंभ लागला, प्रमाणपत्र लागलं, मुलीनं स्वतः निवडलेलं नाव लागलं. कायद्यानं हे जमलं नसतं. आणि तसा प्रयत्नही कुणी केला नाही हे बरं झालं.

साताऱ्याचेच डॉ. नरेंद्र दाभोलकर. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी जवळपास अठरा वर्षं खर्ची घातली, आणि कायदा आला तो त्यांच्या खुनानंतर. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या झाडल्या गेल्या, त्याच आठवड्यात वटहुकूम निघाला, डिसेंबरमध्ये विधिमंडळानं तो मंजूर केला. सत्यनारायण घातला तरी पोलीस येतील, वारीवर बंदी येईल, अशी भीती अठरा वर्षं पेरली गेली होती. प्रत्यक्षात कायद्यानं बारा कृत्यांची यादी दिली : भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्काराचा दावा करून लुबाडणूक, साप चावल्यावर दवाखान्यात जाण्यापासून रोखणं, एखादीला चेटकीण ठरवून छळणं वगैरे. आणि प्रदक्षिणा, यात्रा, पूजा, हरिपाठ, कीर्तन, भजन यांना हात लावलेला नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलं. श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांची व्याख्या करण्याच्या फंदात तो पडला नाही. दाभोलकरांच्या मूळ कल्पनेच्या मानानं हा मसुदा आखूड होता अशी खंत काहींना वाटते. आखूडपणामुळंच तो टिकला, असं या लेखाचं मत आहे. जातपंचायतीच्या जाचावर आलेला २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा याच वाटेनं गेला. जात मानू नका असं तो सांगत नाही. कुणाला वाळीत टाकलं तर तीन वर्षांपर्यंत आत जाल, एवढंच सांगतो.

यावरून नव्या मागण्या तपासता येतात. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारनं आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेणारी समन्वय समिती नेमली. ओरड झाल्यावर दोनच दिवसांत ‘आंतरजातीय’ हा शब्द गाळला. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच विषयावर कायद्याचा विचार करायला वेगळी समिती झाली. फसवून, धमकावून केलेलं लग्न हा गुन्हा आहेच आणि त्याला कलमंही आहेत. सज्ञान मुलीनं कुणाशी लग्न केलं याची चौकशी सरकारनं करायची म्हटलं, की काठी पुन्हा तिच्याच बापाच्या, भावाच्या आणि गावकीच्या हातात जाते. आगरकरांनी कायदा मागितला होता तो या हातांतून तिला सोडवण्यासाठी.

काही गोष्टींना मात्र मुंबईची गरजच नसते. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथं २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही-मोबाइल बंद होतात. पोरं अभ्यासाला बसतात. ग्रामसभेत ठरलं, गावानं पाळलं. उद्या कुणाला हे राज्यभर सक्तीचं करावंसं वाटलं, तर पहिल्या आठवड्यातच त्याची थट्टा होईल.

कृष्णेच्याच काठाला, कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड सरकारचा कायदा आणि गावाचा ठराव या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी उभं आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला : नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं थांबवायचं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव झाले, फोटो छापून आले. आता याचा कायदा व्हावा अशी मागणी आहे. तो करायचा झाला, तर बांगड्या फोडणाऱ्या हाताला शिक्षा असावी. बाईनं त्या स्वतः उतरवल्या किंवा ठेवल्या, तर तिला कुणीही जाब विचारू नये. आणि दहाव्याच्या घरात, सासू-दिरांच्या घोळक्यात बसलेली बाई तक्रार करायला पोलीस ठाण्यात जाणार नाही हे गृहीत धरून, सक्ती झाली असंच न्यायालयानं मानावं, अशी गर्भलिंगनिदान कायद्याच्या चोविसाव्या कलमासारखी तरतूदही त्यात हवी. तिच्या वतीनं तक्रार कोण करेल, हे मसुद्यात पहिल्याच पानावर लिहावं लागेल, आणि तिथं ग्रामसेवकाचं नाव लिहून मोकळं होता येणार नाही.